समोरच्या पक्षकाराचाही आमदार

पत्राचा सारांश

पत्रलेखक ४४ वर्षांचे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी गेली अठरा वर्षं ते वकिली करतात. वाटपाचे दावे, बांधाचे वाद, फेरफार नोंदींची अपिलं आणि सहकारी संस्थांची कामं त्यांच्याकडे असतात. हाताखाली दोन जुनिअर आहेत. घराचं कर्ज फिटायचं आहे, मुलगी अकरावीत आहे. अलीकडे एका पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनी त्यांना बोलावून तालुकाध्यक्षपद देऊ केलं आणि "२०२९ ला विधानसभेला तुमचा नक्की विचार होईल" असं सांगितलं. ऑफिस बंद करून, गावाकडची जमीन विकून पूर्णवेळ राजकारणात उतरावं असं त्यांच्या मनात आहे. ते लिहितात, "आपल्याकडचे मोठे नेते वकीलच होते. तालुक्यात माझे शेकडो पक्षकार आहेत. इतकी वर्षं कोर्टात लोकांसाठी भांडलो, आता सभागृहात भांडेन." पत्नीचा विरोध आहे. वडील म्हणतात, वकिलाची इज्जत घालवू नकोस. जिल्हाध्यक्षांना लवकर उत्तर द्यायचं आहे.

उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

तुमची कळकळ खरी आहे, ती पत्रात जागोजागी दिसते. "कोर्टात लोकांसाठी भांडलो, आता सभागृहात भांडेन" या वाक्यात ती सगळ्यात जास्त दिसते आणि मला काळजीही याच वाक्याची वाटते. म्हणून जमीन, तिकीट, ऑफिस हे सगळं थोडं बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोलते.

कोर्टात तुम्ही लोकांसाठी भांडत नाही, एका पक्षकारासाठी भांडता. त्यात काही गैर नाही, तुमच्या व्यवसायाची शिस्तच तशी आहे. बांधाच्या दाव्यात थोरल्या भावाचं वकीलपत्र घेतलं की धाकट्याची बाजू मांडायला दुसरा वकील असतो आणि निकाल द्यायला न्यायाधीश असतात. धाकट्याचं काय होईल ही जबाबदारी तुमची नसते. आमदार झालात की थोरला आणि धाकटा दोघेही तुमचे मतदार होतात. दोघेही सकाळी सातला दारात येऊन बसतील आणि दोघांचं मागणं एकच असेल, "साहेब, प्रांतांना एक फोन करा."

त्या फोनचा अर्थ काय असतो, हे तुमच्याइतकं चांगलं कोणाला माहीत असणार? प्रांताधिकारी अपील ऐकतात तेव्हा ते जवळपास न्यायाधीशाचंच काम करत असतात. चालू प्रकरणात वरून आलेल्या फोनमुळे निकाल कसा फिरतो, हे अठरा वर्षांत तुम्ही समोरच्या बाजूने पाहिलं असेल आणि घरी येऊन चडफडलाही असाल. आता फोन करणारे तुम्ही असणार किंवा फोन करायला नकार देणारे. फोन केलात, तर एका मतदाराचा हक्क दुसऱ्यासाठी मोडाल. नाही केलात, तर "वकील माणूस, कामाचा नाही" असं गावभर होईल. आमदार व्हायचं असेल तर हा प्रश्न तुम्हाला दर आठवड्याला पडणार आहे. त्याचं उत्तर तयार असेल तर बाकीच्या अडचणींतून वाट निघते.

माझं मत विचाराल तर फोन करू नये. पण नुसता नकार देऊन भागत नाही, कारण माणूस गरजेपोटी आलेला असतो. अपील तीन वर्षं तारखांवर पडून असेल, तर "अमुक बाजूने निकाल द्या" न म्हणता "प्रलंबित अपिलांची सुनावणी ठरल्या मुदतीत घ्या" असं सगळ्यांसाठी मागता येतं, लेखी मागता येतं, विधानसभेत तारांकित प्रश्न टाकून मागता येतं. थोरला आणि धाकटा दोघांनाही त्याचा उपयोग होतो. सवय मात्र आधीपासून लागते. उद्या एखादा ओळखीचा माणूस तुमच्याकडे "तहसीलदार तुमच्या ओळखीचे आहेत ना" म्हणत येईल, तेव्हा तुम्ही काय करता ते स्वतःच बघा.

मोठे नेते वकील होते, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण वकील होते म्हणून ते नेते झाले का? १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले बाळासाहेब खेर नामांकित सॉलिसिटर होते, आणि त्याआधी सविनय कायदेभंगात तुरुंगात जाऊन आलेले होते. यशवंतराव चव्हाणांनी कराडला वकिली सुरू केली ती १९४१ च्या सुमारास. १९४२ ला ते भूमिगत झाले आणि १९४६ ला प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले. तुमच्या अठरा वर्षांपुढे त्यांची वकिली फारच थोडी. लोक त्यांना ओळखत होते ते चळवळीतून, शाळकरी वयापासूनच्या तुरुंगवासातून. विलासराव देशमुखांकडे कायद्याची पदवी होती, पण सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली. सरपंचपद, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढून १९८० ला ते आमदार झाले, आणि पुढे १९९५ ला पडलेसुद्धा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, तेही कायदा शिकलेले, अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ ला त्यांनाही लोकांनी घरी बसवलं होतं. पराभवानंतरही ते लोकांतच राहिले, म्हणून परत निवडून आले.

या सगळ्यांना कायद्याचा उपयोग झाला, पण त्यांना उभं केलं ते दुसऱ्या कामाने. तुमच्या पत्रात मी ते दुसरं काम शोधत होते. पाणी, रस्ता, शाळा, कारखान्याचं थकलेलं ऊसबिल, कुठल्या तरी एका प्रश्नावर तुम्ही फी न घेता, तारीख नसताना, लोकांबरोबर बसला आहात का? असाल तर ते पत्रात यायला हवं होतं. नसाल तर सुरुवात तिथून करा. तालुकाध्यक्षपद त्याची जागा भरून काढणार नाही.

आता तुमच्या शेकडो पक्षकारांबद्दल. कटू वाटेल, तरी सांगते. प्रत्येक पक्षकारामागे एक समोरचा पक्षकार असतो. ज्याचा दावा तुम्ही जिंकून दिला तो आभार मानून आपल्या शेतात गेला. जो हरला त्याच्या घरात तुमचं नाव अजून निघतं. मतांचा हिशेब करायचाच असेल तर तोही धरा.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. तुमच्या कपाटात अर्ध्या तालुक्याची गुपितं आहेत. कोणी खोटं मृत्युपत्र करायला आला होता, कोणत्या पतसंस्थेच्या संचालकाने कर्ज कसं उचललं, कोणाच्या घरात दुसरा संसार आहे, हे सगळं तुम्ही ऐकलेलं असतं. उद्या यातलाच एखादा तुमच्या विरोधात पॅनेल उभं करेल. प्रचार तापला की तुमचेच कार्यकर्ते म्हणतील, "साहेब, त्याची फाइल आहे ना तुमच्याकडे?" पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं उघड करायचं नाही, हे बंधन काम संपलं, वकीलपत्र परत केलं तरी संपत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२६ तेच सांगत होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तेच सांगतं. ऑफिस बंद केल्याने सुटका होत नाही. व्यासपीठावर नुसतं "माझ्याकडे त्यांची कुंडली आहे" म्हणालात तरी तालुक्यातला एकही माणूस पुन्हा वकिलाकडे मन मोकळं करणार नाही, तुमच्याकडेही नाही आणि तुमच्या जुनिअरांकडेही नाही. तुमचे वडील ज्या इज्जतीबद्दल बोलतात ती मला इथे दिसते. राजकारणात गेल्याने ती जात नाही. ती अशा एका वाक्याने जाते. तेव्हा पद घेण्याआधीच दोन्ही जुनिअरांना जवळ बसवा आणि कुठल्याही फाइलचा कागद, काहीही झालं तरी, प्रचाराला जाणार नाही हे स्पष्ट सांगा.

वकिली आणि राजकारण एकत्र जमत नाही, हे गृहीत तुम्ही कुठून घेतलंत? कायद्याने तशी सक्ती नाही. आमदार-खासदारांनी वकिली करावी की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पूर्णवेळ पगारी नोकराने वकिली करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे; लोकप्रतिनिधी तसे नोकर नव्हेत, त्यामुळे तो त्यांना लागू होत नाही, असा निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये लागला. मंत्री होणारे वकील सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवतात. पण मंत्रिपदाचा विचार आज कशाला? २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसकट जास्तीत जास्त ४३ मंत्री होऊ शकतात.

कायद्याची मनाई नसली तरी स्वतःवर एक बंधन घालून घ्यावं असं मला वाटतं. आमदार झालात, किंवा सत्तेतल्या पक्षाचे तालुकाध्यक्ष जरी झालात, तरी तहसीलदार आणि प्रांतांपुढे चालणारी महसुली प्रकरणं सोडून द्या. ज्या अधिकाऱ्याची बदली तुमच्या शब्दावर होऊ शकते असं लोकांना वाटतं, त्याच्यासमोर युक्तिवाद करायला तुम्ही उभं राहू नये. दिवाणी आणि सत्र न्यायालयातली कामं ठेवा. उत्पन्न घटेल, पण बंद होणार नाही. आणि ते बंद होऊ देऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. ज्याचं घर पक्षाच्या पैशावर चालत नाही, तोच पक्षाच्या बैठकीत "हे चूक आहे" म्हणू शकतो.

विधेयकावर मतदानाची वेळ आली आणि तुमचं मन एकीकडे, पक्षादेश दुसरीकडे असं झालं, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीखाली, आमदारकी जाऊ शकते. वकिलाला वकीलपत्र परत करता येतं, आमदाराला राजीनाम्याखेरीज तशी सोय नाही. अशा वेळी परत यायला ऑफिस शिल्लक असणं हे फार मोठं बळ आहे.

जमीन विकू नका. जिल्हाध्यक्षांशी खर्चाचं काय बोलणं झालं ते तुम्ही लिहिलं नाही, पण जमिनीचा विचार आपोआप आला नसेल. विधानसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम १०,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत की ती जप्त होते. खर्चाची मर्यादा २०२२ पासून आपल्या राज्यात ४० लाख आहे. निकालानंतर ३० दिवसांत तुम्हाला सहीनिशी खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. "मर्यादा कागदावरची असते" असं कोणी सांगत असेल, तर तो तुम्हाला लोकप्रतिनिधी म्हणून पहिलीच सही खोट्या हिशेबावर करायला सांगतो आहे. इतरांना शपथपत्राचं महत्त्व अठरा वर्षं समजावणाऱ्या माणसाने ती सही करू नये. आणि कायदेशीर मर्यादेतल्या खर्चालासुद्धा एकट्याच्या जमिनीचा आधार लागत असेल, तर लोक अजून तुमच्यामागे उभे नाहीत असाच त्याचा अर्थ होतो. दहा गावांतले लोक शंभर-पाचशे करून वर्गणी देतात का, हे आधी बघा.

२०२९ चा शब्द किती धरायचा? सध्याचे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतले आहेत, २००१ च्या जनगणनेवर आखलेले. पुढची पुनर्रचना होईल तेव्हा तुमचा तालुका दोन मतदारसंघांत वाटला जाऊ शकतो. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी जनगणना व पुनर्रचनेशी जोडलेली आहे. जी जागा तुमच्यासाठी "विचारात" आहे, ती त्या वेळी त्याच हद्दीची आणि खुली असेल असं कोणताही जिल्हाध्यक्ष लिहून देऊ शकत नाही. युती-आघाडीत ती मित्रपक्षाला गेली तर एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसऱ्याच्या हाती पडेल, ते वेगळंच. "राखीव झालीच तर पत्नीला उभं करू" हा विचार मनात आला असेल तर तो तिथेच थांबवा. ज्या बाईंचा आज या सगळ्याला विरोध आहे, त्यांचं नाव नुसतं अर्जावर टाकणं हा त्यांच्यावरही अन्याय आणि मतदारांवरही.

त्यांचा विरोध नेमका कशाला आहे, हे तुम्ही विचारलंत का? पत्रात फक्त "विरोध आहे" एवढंच आहे. पैशाची भीती, मुलीच्या बारावीचं वर्ष, घरात दिवसरात्र माणसांचा राबता, तुमच्यावर होणारी चिखलफेक, यातलं प्रत्येक कारण वेगळं आहे आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा. नामांकनाबरोबरच्या शपथपत्रात पती-पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज सगळं जाहीर होतं. म्हणजे निर्णय तुमचा असला तरी कागद दोघांचा असतो. त्यांच्याशी बोलताना युक्तिवाद करू नका. उलटतपासणी तर नकोच.

हे सगळं वाचून मी तुम्हाला मागे ओढते आहे असं वाटेल. तसं नाही. विधिमंडळात तुमच्यासारखी माणसं हवी आहेत, फार हवी आहेत. विधेयक सभागृहात येतं तेव्हा त्यातल्या "किंवा" आणि "आणि" ने कोणाची जमीन जाणार हे वाचता येणारे किती जण असतात? तालुक्यातल्या कोर्टात कायदा माणसांवर कसा उतरतो हे तुम्ही रोज पाहता. कोणत्या कलमाची भाषा ढिली आहे, कुठे नियमच झाले नाहीत म्हणून चांगला कायदा पडून आहे, कुठल्या दाखल्यापायी विधवेला तीन फेऱ्या माराव्या लागतात, ही माहिती मंत्रालयात बसून मिळत नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना तासगाव भागात राबवून पाहिली, ती राज्याची योजना झाली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २००५ ला देशाने तसाच कायदा केला. पागे विधान परिषदेचे सभापती होते, मुख्यमंत्री नव्हते. तालुक्यातल्या प्रश्नापासून कायद्याच्या मसुद्यापर्यंतचा हा रस्ता वकिलाला चालता येतो. यासाठी जायचं असेल तर जरूर जा.

पण हे काम आमदारकी मिळेपर्यंत थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचंच बघा. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी ती मागणी कित्येक वर्षं लावून धरली आणि १८ ऑगस्ट २०२५ ला तिथे कामकाज सुरू झालं. सरकार आणि न्यायालय दोघांची साथ लागली हे खरं, पण विषय जिवंत ठेवला तो बार असोसिएशनांनी. मुंबईची एक तारीख म्हणजे दोन दिवस आणि प्रवासखर्च, हे ज्या पक्षकाराने सोसलं त्याला विचारा या कामाची किंमत.

तेव्हा मधल्या वाटा बघा. नगरपरिषद, पंचायत समिती किंवा बाजार समिती तुम्हाला छोटी वाटत असेल, पण भांडणाऱ्या दोन गटांचा एकाच वेळी प्रतिनिधी असणं काय असतं, ते तिथे कमी किमतीत शिकायला मिळतं. पराभव झाला तरी घर बुडत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचा मोह वकिलांना होतो, पण पुणे पदवीधर म्हणजे पाच जिल्हे, आणि मतदारयादी दर वेळी नव्याने करायची. पहिल्या निवडणुकीसाठी मी तो सुचवणार नाही. ज्या वाचकांकडे सरकारी वकिलाचं पद आहे किंवा रेल्वेसारख्या खात्याच्या पॅनेलवर नाव आहे, त्यांनी अर्ज भरण्याआधी लाभाच्या पदाचा (सरकारकडचं असं पद असेल तर उमेदवार अपात्र ठरू शकतो) मुद्दा नीट तपासून घ्यावा. पॅनेलवरच्या वकिलाची निवडणूक त्यावरून रद्द झाल्याचं उदाहरण आहे.

जिल्हाध्यक्षांना काय कळवायचं? मी तुमच्या जागी असते तर पक्षाचं सदस्यत्व घेतलं असतं आणि तालुकाध्यक्षपद एक वर्षासाठी नम्रपणे नाकारलं असतं. तालुकाध्यक्षाचा वेळ बैठका, फ्लेक्स, स्वागत आणि गटबाजी मिटवण्यात जातो. तुम्हाला वेळ हवा आहे तो गावांत बसायला. त्याऐवजी त्यांच्याकडे एक ठरावीक काम मागा. पक्षाच्या वतीने आठवड्यातून एक दिवस मोफत कायदा सल्ला केंद्र चालवतो म्हणा, वेगवेगळ्या गावांत, आणि ज्यांच्याविरुद्ध तुम्ही कधी दावे चालवले त्यांच्या गावांतसुद्धा. तिथे आलेल्यांचं वकीलपत्र स्वतः घ्यायचं नाही, हेही आधीच जाहीर करा, म्हणजे कामं मिळवण्याचा आरोप होणार नाही. वर्षभराने वहीत काय साठलं ते पाहा. एकाच प्रकारची तक्रार चाळीस गावांतून आली असेल, तर सभागृहात काय मागायचं ते तुम्हाला सापडलं. जिल्हाध्यक्ष या कामाला हो म्हणाले तर त्यांना तुमची गरज आहे. "ते राहू द्या, आधी पद घ्या आणि मेळाव्याचा खर्च उचला" म्हणाले, तर त्यांना काय हवं आहे तेही कळेल, आणि ते कळायला जमीन विकावी लागणार नाही.